दशरथचा थंड डबा

मी द्रव नायट्रोजनचा एक जुना कंटेनर आहे. कडाव गावात सगळे मला डबाच म्हणतात. मित्रांनो, माझी गोष्ट ऐकण्याजोगी आहे की नाही, मला खात्री नाही. तरी सांगून बघतो.

माझ्या पोटात भयंकर थंडी असते. त्या थंडीत बारीक नळ्यांमध्ये वळूचे बीज टिकते. गायींना हे बीज भरणारा दशरथ मला मोटारसायकलला बांधून गोठ्यागोठ्यांत न्यायचा आणि गायी गाभण राहायच्या. लोक त्याचे कौतुक करायचे, पण चेष्टाही करायचे.

"गावभर वासरं हुंदडतात रं, तुज्या घरात पाळणा कदी?" शेजारची गोदूबाई विचारायची. बोल मात्र त्याच्या बायकोला, ललिताला लागायचा.

एकदा ललिता मला पुसता पुसता म्हणाली, "अवो, गाय उलटली, गाभण नाय राहिली, की तुमी आधी डब्यातलं बीज तपासता. माजी तीनदा तपासणी झाली. तुमची कदी?"

दशरथ हसला. दुसऱ्या दिवशी मात्र तो तपासणीला गेला. त्याच्या शरीरात बीज तयारच होत नव्हते.

पुढे त्याला खालापूरजवळच्या प्रयोगशाळेत यावरच संशोधन करणाऱ्या डॉक्टर तेजश्री भेटल्या. त्यांनी त्याच्या दंडावरची चिमूटभर कातडी मागितली. तिच्यातल्या पेशी त्या पुन्हा कोवळ्या करणार होत्या, इतक्या कोवळ्या की त्यांच्यापासून शरीरातले काहीही घडू शकेल. अशा पेशींना मूलपेशी म्हणतात. मग त्यांना बीज होण्याच्या वाटेवर न्यायचे आणि त्या कुठे अडखळतात ते पाहायचे.

"दादा, यातून तुम्हाला मूल होईल असं मी सांगत नाही," त्या म्हणाल्या. "पण अडलंय कुठं ते कळलं, तर पुढे कुणासाठी तरी उपाय सापडेल."

"घ्या की. कातडी काय, परत येतीय," दशरथ म्हणाला आणि त्याने संमतीपत्रावर सही केली. गावात मात्र तो काही बोलला नाही.

मग गोदूबाईची गाय व्याली. दशरथ आणि ललिता कालवड पाहायला गेले. मीही मोटारसायकलवर होतो.

"ललिता, तू लांबच रहा गं," गोदूबाई म्हणाली.

ललिता दारातच थांबली. दशरथने मला सोडून खाली ठेवले.

"मावशी, तिच्यात काय कमी नाय. बीज माज्यात नाय. तपासून आलोय."

गोदूबाई दारातल्या ललिताकडे वळली.

"मंग इतकी वर्सं आमी हिलाच बोललो," गोदूबाई म्हणाली. "तू का रं गप्प बसलास?"

"लाज वाटली."

गोदूबाईने कालवडीचे दावे ललिताच्या हातात दिले. "धर गं. नाव तूच ठेव. आन् याला हसू नको, आज मोठा झालाय."

ललिता हसलीच. कालवडीचे नाव तिने जाई ठेवले.

आता मी दशरथबरोबर रसायनीच्या कारखान्यातून नायट्रोजन आणून त्या प्रयोगशाळेत पोचवतो. तिथल्या मोठ्या टाकीत दशरथच्या पेशी निजल्या आहेत. मित्रांनो, माझे झाकण हलक्या हाताने लावा. आणि कुणाच्या घरी मूल नसेल, तर तिथल्या बाईला दारात उभे करू नका.