धवलारणीची वाचा

द्रौपदीबाईंना बरं वाटायला लागलं आणि त्यांच्या सुनेच्या, भाविकाच्या, डोक्याला ताप सुरू झाला.

भिवंडीच्या हॉस्पिटलात आणलं तेव्हा सासूबाई खाट हलेल इतक्या कुडकुडत होत्या. आठवडाभर सलाइनमधून औषध गेल्यावर ताप उतरला, तोंडाला चव आली आणि पहिली मागणी आली ती चिंबोऱ्यांच्या कालवणाची. दुसरी, घरी जायची. शेलार गावात बाळारामशेटच्या मुलीचं लग्न होतं आणि द्रौपदीबाई धवलारीण. आगरी लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंत धवले गायचा मान तिचा. आसपास दुसरी धवलारीण नव्हती असं नाही, पण तसं त्यांच्या तोंडावर बोलायची कुणाची छाती नव्हती.

मुळात हे दुखणं हट्टानेच ओढवून घेतलेलं. काखेत गळू झालं, ते त्यांनी घरीच दाबून फोडलं. ताप आला तेव्हा गल्लीतल्या डॉक्टरकडून सुया टोचून घेतल्या आणि ताप उतरताच औषध बंद करून अंबाडीला कुणाची तरी हळद गाऊन आल्या. तोवर गळवातले जंतू रक्तात शिरले होते आणि रक्तातून जाऊन हृदयाच्या झडपेला चिकटले होते. डॉक्टरबाईंनी मशीनच्या पडद्यावर भाविकाला दाखवलंही, झडपेबरोबर हलणारा बारीकसा गोळा. सहा आठवडे शिरेतून औषध द्यावं लागेल, म्हणाल्या. ताप गेला म्हणजे जंतू गेले असं नाही. गोळ्याचा तुकडा सुटला तर मूत्रपिंडात, पायात, मेंदूत, कुठेही अडकू शकतो.

भाविकाचा नवरा मितेश गोदामात शंभर माणसांवर ओरडायचा आणि आईपुढे मांजर व्हायचा. तो गाडी काढायला तयार झाला. लग्न उरकलं की लगेच परत आणतो, म्हणाला.

"ताप न्हाय, दुखत न्हाय, मंग मना कशाला डांबून ठेवताव?" द्रौपदीबाईंनी पदर खोचला.

लग्न झाल्यापासून भाविका सासूला कधी उलटून बोलली नव्हती. आज मात्र ती दार अडवून उभी राहिली.

"आई, तुमी न्हाय जायाचा. मी जाऊ देनार न्हाय."

द्रौपदीबाई खाटेवर बसल्या आणि दिवसभर तिच्याशी बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी वेणी घालताना त्यांच्या हातातून फणी गळाली. भाविकाने ती उचलून दिली तर त्या नुसत्या बघत राहिल्या. ओठ एका बाजूला ओघळले होते. तोंड उघडत होतं, शब्द येत नव्हता.

तुकडा सुटला होता. मेंदूत, बोलण्याच्या जागेपाशी जाऊन अडकला होता. दोन-चार दिवसांत हातात बळ आलं, तोंडही सरळ झालं, पण वाचा काही परतली नाही. झडपेवरचा उरलेला गोळा औषधाने आक्रसत होता, म्हणून डॉक्टरबाईंनी झडपेचं ऑपरेशन लांबणीवर टाकलं. त्या रोज विचारायच्या, हे काय, तो कोण. द्रौपदीबाई भांड्याकडे बघून "त्ये, त्ये" म्हणायच्या, मुलाकडे बघूनही "त्ये, त्ये" म्हणायच्या आणि रडायच्या.

नारपोलीहून त्यांची नणंद आली, आक्का. तिने भाविकाला सगळ्यांदेखत ऐकवलं, "तू अडवलास म्हनून तिनं मनाला लावून घेतला." मनाला लावून घेतल्याने असं होत नसतं, उलट हेच वाटेत किंवा मांडवात झालं असतं तर जिवावर बेतलं असतं, असं डॉक्टरबाईंनी समजावलं. आक्काने मान फिरवली. भाविकाला डॉक्टरबाईंचं पटत होतं, तरी आतून पोखरत होतंच. ज्या सासूच्या बोलण्याने तिचा जेवताना घास अडायचा, तिची एक शिवी ऐकायला आता ती वाटेल ते द्यायला तयार होती.

शेलारच्या हळदीच्या दिवशी द्रौपदीबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या. भाविकाला ते बघवेना. तिने पडदा ओढला आणि दबक्या आवाजात हळदीचा धवला धरला. सासूसमोर ती कधी गायली नव्हती, चुका निघतील म्हणून. दुसरी ओळ सुरू झाली आणि खाटेवरून आवाज आला. घोगरा, पण शब्द पुरे. भाविका दचकून थांबली तसा आवाजही थांबला. पाणी देऊ का, तिने विचारलं, तर पुन्हा "त्ये, त्ये". तिने परत धवला धरला आणि सासूबाई शेवटपर्यंत गायल्या.

डॉक्टरबाई खूश झाल्या. गाण्याची वाट मेंदूत वेगळी असते, ती शाबूत आहे, म्हणाल्या. रोज गा, हळूहळू बोलणंही तिच्यामागून येईल. आक्काने हे सगळं ऐकलं आणि मोसंबी सोलायला घेतली.

रोज दुपारी दोघी गाऊ लागल्या. अडायचं एकाच ठिकाणी. धवल्यात नावांच्या जागा मोकळ्या असतात, ज्या घरचं लग्न त्या घरची नावं धवलारणीने घालायची. बाकीचं पाठ होतं, नाव मात्र स्वतः शोधावं लागतं. तिथे आल्या की द्रौपदीबाई "त्ये, त्ये" करून पुढे सरकायच्या.

औषधाचा शेवटचा आठवडा होता. झडप स्वच्छ झाल्याचं डॉक्टरबाई सकाळीच सांगून गेल्या होत्या. मितेश आणि आक्का समोर बसले होते. मांडवात कोण बसली, अशी ओळ आली आणि द्रौपदीबाई थांबल्या. कपाळावर घाम आला. मग त्यांनी सुनेकडे बघितलं आणि सुरात म्हटलं, "भाविका."

पुढची ओळ, ती कोणाची लेक. तिथे नवरीच्या आईचं नाव येतं. भाविकाच्या आईचं नाव चंद्रा, आणि आक्का हळूच ते सुचवूही लागली. द्रौपदीबाईंनी हाताने तिला गप्प केलं, तोच हात स्वतःच्या छातीवर ठेवला आणि एकेक अक्षर ओढत गायल्या, "द्रौ-प-दी-ची."

मग सुनेने पुढची ओळ धरावी म्हणून त्या वाट बघत राहिल्या, आणि भाविकाच्या तोंडून शब्द फुटेना.