तिसऱ्या झडपेमागचा डबा

शाळेच्या मागच्या भिंतीला जमिनीलगत पाच लाकडी झडपा होत्या. झडप उचलायची, संडासातला डबा ओढायचा, गाडीत रिकामा करायचा, चुन्याच्या पाण्यानं धुवायचा आणि तळाला राख पसरून परत आत सरकवायचा. राखवाली हे काम तेवीस वर्षं करत होती. कुठल्या वर्गात जंत झालेत, कोणी कच्ची फळं हाणलीत, हे ती डब्यावरून सांगू शकली असती. पण तिला विचारतंय कोण!

त्या सकाळी तिनं तिसरी झडप उचलली आणि डबा ओढला. डब्यात नुसतं पांढुरकं पाणी होतं, तांदूळ धुतल्यासारखं. असं पाणी तिनं दोन वर्षांपूर्वी स्वतःच्या घरात पाहिलं होतं. सकाळी मुलगा गेला, संध्याकाळी सून. पटकी! मागे उरली एक नात, आणि ती आत्ता भिंतीपलीकडे पहिलीत बसून पाढे घोकत होती.

तिसरा संडास लहान मुलांचा. म्हणजे आजारी पोर पहिली-दुसरीतलं, आणि इथून जाऊन ते व्हरांड्यातल्या रांजणात हात बुडवून पाणी प्यालं असणार. नवा तांब्या आणतो, आणतो म्हणत मोठ्या मास्तरांनी वर्ष काढलं होतं. पोरं ओंजळीनंच पाणी घ्यायची. मधल्या सुट्टीला फार तर दहा मिनिटं उरली होती.

तिनं खिडकीतून शिपायाला हाक मारली. "अहो, पटकी आलीय शाळेत! पाया पडते, तेवढा रांजण ओता."

"डब्यात बघून रोग सांगायला तू डॉक्टर कधी झालीस?" शिपाई हसला. "मास्तर माझी सालटी काढतील. जा, काम कर."

आणि त्यानं घंटेची हातोडी हातात घेतली.

पुढच्या अंगणात जायची तिला बंदी होती. नातीला शाळेत घेतानाच मोठ्या मास्तरांनी बजावलं होतं, "तू मागेच राहायचंस. पुढे दिसलीस तर पोरीचं नाव खोडलंच समज." पोरीनं झडपा उचलू नयेत एवढ्यासाठी म्हातारीनं त्यांचे उंबरठे झिजवले होते. मग घंटा झाली, आणि ती पदर खोचून धावत सुटली.

पोरं रांजणाकडे झेपावली होती. तिनं रांजणाला खांदा लावला, पण तो तसूभरही हलला नाही. एका पोराची ओंजळ पाण्याला टेकणार, तेवढ्यात तिनं आपले डब्यांनी बरबटलेले दोन्ही हात कोपरापर्यंत रांजणात खुपसले.

"ई!" सगळी पोरं मागे सरली.

मोठे मास्तर धावत आले. "ओता ते पाणी! थेंब ठेवू नका! आणि हिच्या नातीचं नाव आत्ताच्या आत्ता खोडा!"

"खोडा," म्हातारी म्हणाली. तिला रडू आवरेना. "पण लहान वर्गातलं एक पोर आजारी आहे, ते आधी शोधा."

पोर सापडलं. दुसरीतला मुलगा मागच्या बाकावर निपचित पडला होता. डॉक्टर आले, त्याला दवाखान्यात धाडून त्यांनी शाळेला कुलूप लावायला सांगितलं. जाता जाता त्यांची नजर पालथ्या रांजणावर गेली.

"हा ओतलात म्हणून निभावलं. नाहीतर आज पोरांची रांग लागली असती माझ्या दारात. कोणाला सुचलं?"

मोठे मास्तर खाकरले. "मीच ओतायला लावला."

राखवाली नातीला घेऊन फाटकापर्यंत पोचली होती. ती वळली आणि तेवीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्या डोळ्यांत डोळे घालून बोलली.

"हो, तुम्हीच लावलात. मग मास्तर, डॉक्टरांना हेही सांगा, माझ्या नातीचं नाव कशासाठी खोडलंत?"

डॉक्टरांनी उचललेली बॅग पुन्हा खाली ठेवली.