चहाडखोराची हकालपट्टी

एकतीस वर्षं मी टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होते. कोणाचं लग्न मोडलं, कोणाची नोकरी गेली, कोण कोणाला चोरून फोन करतं, सगळं आधी माझ्या कानावर यायचं. पण या कानाचं त्या कानाला कधी कळू दिलं नाही. आणि निवृत्त झाल्यावर, सातव्या वर्षी, माझ्यावर चुगलीचा आळ आला! तोही सख्ख्या भावाकडून.

झालं असं. माझ्या थोरल्या भावाने, दादाने, चौसष्टाव्या वर्षी पुन्हा लग्न करायचं ठरवलं. वहिनीला जाऊन नऊ वर्षं झाली होती. वाचनालयातल्या बाईंशी त्याचं जमलं. हे त्याने फक्त मला सांगितलं. म्हणाला, "मुलाशी मी नीट बसून बोलतो. तोवर तुझ्या पोटात ठेव." मी ठेवलं. फक्त हौसेने फोनवर दोन-चार गोष्टी शोधल्या. साठी उलटलेल्या नवरदेवाला शोभेल असा कोट, चाळीस माणसांपुरता हॉल. बस्स, एवढंच.

पुढच्या रविवारी त्याच्याकडे जेवायला गेले. भाच्याच्या फोनची बॅटरी संपली होती, म्हणून सामन्याचा स्कोअर बघायला त्याने माझा घेतला. स्कोअर राहिला बाजूला! आधी कोटांच्या जाहिराती आल्या, मग हॉलच्या, मग "उतारवयात नवा जोडीदार". भाचा हसत म्हणाला, "आत्या, विचार काय आहे तुझा?" मी फोन काढून घेतला. पण दादाचा चेहरा असा काही उतरला की पोराला न सांगताच सगळं कळलं. बापलेकांची जी जुंपली, ती जेवण गार होईपर्यंत. निघताना दादा दारात म्हणाला, "तुला सांगणं म्हणजे दवंडी पिटणं."

दोन महिने बोलला नाही. फोन केला तर उचलायचा नाही. मला रडू आलं नाही, संताप आला. आयुष्यभर सांभाळलेलं माझं नाव एका वीतभरही नसलेल्या डबड्याने घालवलं!

माझ्या मागच्या खोलीत अकरा जुने संगणक आहेत. लोक भंगारात काढतात, मी आणून दुरुस्त करते. ही यंत्रं सांगाल तेवढंच करतात. जन्मतारीख विचारत नाहीत, कोण कुठे गेलं होतं याची चौकशी करत नाहीत. आणि फोन? रोज नवी अट मान्य करा, नवी परवानगी द्या. खरंच थकले होते मी. पण दादासाठी ठरवलं, की तोंड बंद ठेवणारा फोन मिळवायचाच.

मोबाईलच्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "काकू, कंपनीचं खातं उघडल्याशिवाय फोनला मजा नाही. आणि तुम्हाला काय लपवायचंय?"

"तुमच्या घरचं सगळं सांगता का गिऱ्हाइकांना?" मी विचारलं. मी एक वापरलेला फोन निवडला. त्यातलं कंपनीचं मूळ सॉफ्टवेअर काढून दुसरं घालता येतं, कोणाला काही न कळवणारं. मात्र काम अर्ध्यात अडकलं तर फोनची वीट होते, पुन्हा सुरूच होत नाही. दुकानदाराने बजावलं, "बिघडला तर परत घेणार नाही हं."

जेवणं आटोपून दुपारी बसले. नवा लॅपटॉप, नवी केबल. पहिल्यांदा सुरुवातीलाच अडकलं. दुसऱ्यांदा निम्म्यावर. तिसऱ्यांदा फोनचा पडदा काळा पडला तो पडलाच. आता दादाला काय तोंड दाखवू?

चहा घेतला आणि डोकं चालायला लागलं. अगं, घाई कोणाला आहे? लॅपटॉपला! केबल लावायचं त्याचं तोंड नव्या वेगाचं, सॉफ्टवेअर बदलताना फोनचं मात्र जुन्या चालीचं, दोघांचं बोलणं जुळत नाही. एक्सचेंजमध्ये नव्या पोरी भरभर बोलायच्या आणि पलीकडच्या म्हाताऱ्यांना काही कळायचं नाही, अगदी तसंच. मी मागच्या खोलीतला सोळा वर्षांचा खटारा सुरू केला. उठायला त्याने सहा मिनिटं घेतली. केबल लावली. त्याने फोन ओळखला! मग एकेक ओळ सावकाश सरकत राहिली आणि शेवटी अक्षरं उमटली: पूर्ण झाले.

खुर्चीतून उठून मी चक्क नाचले. गुडघ्यांनी कुरकूर केली, पण त्यांना विचारतंय कोण!

दुसऱ्या दिवशी थेट दादाच्या दारात उभी राहिले. काय घडलं होतं, कोणामुळे घडलं होतं, सगळं एका दमात सांगितलं. "मी एक अवाक्षर बोलले नव्हते, दादा. आता हा घे आणि तूच पारखून बघ."

दादा पक्का संशयी. फोन तोंडाशी धरून ओरडला, "मला हत्ती विकत घ्यायचाय!" मग हत्तीच्या किमती शोधल्या, हत्तीचा खुराक शोधला, हत्तीला नेण्यासाठी ट्रकसुद्धा. फोन आठवडाभर स्वतःकडे ठेवून घेतला.

आठव्या दिवशी तो माझ्या घरी आला. फोन टेबलावर ठेवला. "एकही हत्ती आला नाही," म्हणाला. "मी तुझ्यावर उगाच आळ घेतला गं. चुकलो." मी म्हटलं, "भाचा काय म्हणतो?" तर तो निवळला होता. कोट घ्यायला बापाबरोबर तोच जाणार होता.

"पण एक गोष्ट आहे," दादा म्हणाला. "अजून कोणालाच सांगितलेली नाही. मुलाला नाही, तिलाही नाही. तुला सांगू?"

फोन मध्ये तसाच पडला होता. दादाने त्याच्याकडे बघितलंही नाही. माझ्याकडे बघून तो अर्धा तास बोलला, मधे एकदा रडलासुद्धा. मी ऐकलं, त्याचा हात धरून ठेवला.

काय बोलला? वा! मी सांगेन होय तुम्हाला?