चार दहाची गाडी

ल्यूथर प्रिचेटची चौदा वर्षं कॅन्ससमधल्या धुळकट मैदानांवर गेली, पण मोठ्या संघांनी त्याला कधी ढुंकूनही विचारलं नाही. १९३४ सालच्या जुलैमधल्या त्या दुपारी मात्र त्याचा चेंडू कुणाला सापडेना. पाच डाव झाले, तरी समोरच्यांपैकी एकालाही धड फटका मारता आला नव्हता.

अशा वेळी बेसबॉलवाले चेंडू टाकणाऱ्याशी अवाक्षर बोलत नाहीत. बोललं की दृष्ट लागते. सगळा संघ बाकाच्या एका टोकाला मूग गिळून बसला होता आणि दुसऱ्या टोकाला एकटा ल्यूथर.

तेवढ्यात स्टेशनमास्तर स्वतः तार घेऊन आला. मॅनेजर ऑगी क्लूगेने ती वाचली, ल्यूथरकडे चोरून पाहिलं आणि खिशात घातली. ल्यूथरला ते दिसलं. तिकडे मिसुरीत आई तीन आठवडे अंथरुणाला खिळली होती. तार कसली, हे सांगायला ज्योतिषी नको होता. तिच्याकडे जाणारी गाडी दिवसातून एकच, चार दहाची. नुसतं विचारायचं होतं. पण विचारणं म्हणजे बोलणंच. त्याने पाण्याचा घोट घेतला आणि बुटाची नाडी पुन्हा बांधली.

आठव्या डावात गाडीची शिट्टी ऐकू आली. ती विरेपर्यंत तो चेंडू हातात धरून उभा राहिला. मग त्याने चेंडू टाकला. फलंदाज चुकला.

नववा, शेवटचा डावही तसाच सरला आणि सगळे त्याच्या अंगावर कोसळले. "आता तरी बोलू का, मेल्या?" कॅचर सायलस ओरडला. "तासभर जीभ दातांत धरून बसलोय!" ल्यूथरला काहीच वाटत नव्हतं, आणि त्याचीच त्याला भीती वाटली.

ऑगीने त्याला बाजूला नेऊन तार दिली. आईची शुद्ध हरपत होती, तोंडी ल्यूथरचंच नाव होतं, लगेच नीघ म्हणून बहिणीने कळवलं होतं.

"माझी जीभच रेटली नाही रे," ऑगी म्हणाला. "घाल मला शिव्या."

"तुम्हाला कशाला? खिशात घालताना बघितलं होतं मी."

"मग विचारलं का नाहीस, बाबा?"

ल्यूथर तारेची घडी घालत होता. "विचारलं असतं, तर तुम्ही सांगितलं असतं."

दुसरी तार सकाळीच आली. ही स्टेशनमास्तरने थेट ल्यूथरच्या हातात ठेवली. चार दहाच्या गाडीची आता घाई नव्हती.