बारक्याचा हात थरथरतो

ताई परिचारिका होती. एका संस्थेतर्फे परदेशातल्या निर्वासितांच्या छावणीत कॉलऱ्याच्या रोग्यांची सेवा करायला ती सहा महिने बिनपगारी जाणार होती. आत्यानं ऐकल्याबरोबर लष्कराच्या भाकऱ्या म्हणून निकाल दिला. ताईनं मनावर घेतलं नाही; आत्याच्या जिभेला कधीच हाड नव्हतं. बॅग भरून तयार होती, अडलं होतं ते बारक्याच्या हातापाशी.

बारक्या तिचा धाकटा भाऊ. चाळिशी उलटली, टक्कल पडलं, तरी बारक्याच. बाबांना जेवणाआधी इन्सुलिन टोचावं लागे आणि त्यांना सिरिंजवरच्या रेघा दिसत नसत. आजवर हे काम ताईचं. आता बारक्याला ते जमलं तरच तिचं जाणं, नाहीतर राम राम.

आठवडाभर तिनं त्याला संत्र्यांवर शिकवलं. त्यानं सुया वाकवल्या, संत्र्यांच्या चिंध्या केल्या. बाटली हातात घेतली की त्याचा हात असा थरथरे, की जणू साप धरलाय.

"जाऊ दे ग," बाबा म्हणत. "त्याच्याच्यानं व्हायचं नाही. तू आहेस ना."

येणार की नाही, ते संस्थेला आज संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं. ताईनं हाय खाल्ली. नाही जात, एवढं सांगायला ती दुपारी बारक्याच्या दुकानावर गेली आणि दारातच थबकली.

बारक्या घड्याळं दुरुस्त करायचा. डोळ्याला भिंग लावून तो एका नाजूक लेडीज घड्याळात नुसत्या डोळ्यांना नीट न दिसणारा स्क्रू चिमट्यानं बसवत होता, वर शीळ घालत होता. हात दगडासारखा स्थिर.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. झोपलेल्याला उठवता येतं, सोंग घेतलेल्याला कोण उठवणार? आठवडाभर ही स्वतःलाच दोष देत होती, आपल्याला शिकवता येत नाही म्हणून!

ती तशीच घरी गेली. औषध, सुई आणि डबा पिशवीत टाकला, बाबांना गाडीत घातलं आणि आणून दुकानातल्या स्टुलावर बसवलं. तोवर त्या लेडीज घड्याळाच्या मालकीणबाईही ते न्यायला आल्या होत्या.

"जेवायची वेळ झालीय त्यांची," ताई म्हणाली. "टोच."

"इथं? गिऱ्हाइकासमोर?"

"इथंच. इथं तुझा हात चांगला चालतो."

बारक्यानं सिरिंज घेतली आणि लागला थरथरायला. बाईंनी ते पाहिलं, काउंटरवरचं उघडं घड्याळ हळूच आपल्याकडे ओढलं.

"राहू द्या हो," त्या म्हणाल्या. "मी दुसरीकडे दाखवते."

थरथर जागच्या जागी थांबली. बारक्यानं रेघ पाहून औषध भरलं, बुडबुडा टिचकीनं घालवला, बाबांच्या पोटाची कातडी चिमटीत धरली आणि सुई सरळ घातली.

"टोचतोस की नाही?" बाबांनी विचारलं.

"टोचलं," बारक्या म्हणाला. त्याचा चेहरा पडला होता. "ताई, माझ्यावर डाफरू नकोस. बाबांनीच सांगितलं होतं, येत नाही म्हण म्हणून."

ताई बाबांकडे वळली. बाबा चाचपत शर्टाची बटणं लावू लागले.

"मग काय करू?" ते म्हणाले. "तू नसलीस की मला भीती वाटते. नको जाऊस म्हटलं असतं, तर ऐकलं असतंस का?"

"ऐकलं असतं," ताई म्हणाली. "एकदा म्हणून तर बघायचं. राहिले असते मी."

तिला इतका राग आला होता की डोळे भरून आले, आणि डोळे भरले म्हणून आणखी राग आला. टोचल्यावर वेळेत खायला हवं, म्हणून तिनं डबा उघडून बाबांच्या हातात दिला. मग दुकानाबाहेर जाऊन संस्थेला फोन लावला आणि येते म्हणून सांगितलं.