उपड्या फुलपात्रावरचा तांब्या

शिवगंगाबाईंचा डावा खांदा त्यांच्या गल्लीत त्यांच्यापेक्षा जास्त ओळखीचा होता. लोक आधी त्याची खबरबात घ्यायचे, मग त्यांची. "खांदा कसा हाय, मावशी?" एवढं कुणी म्हणायचा अवकाश, की त्या साडीच्या खोक्यातले एक्स-रे काढून खिडकीच्या उजेडात धरायच्या. लग्नाचे फोटोसुद्धा त्यांनी इतक्या हौसेनं कुणाला दाखवले नव्हते. काळ्या फिल्मवरच्या पांढऱ्या हाडावर बोट ठेवून म्हणायच्या, "हे बघा, इथं झिजलंय." ते हाड खांद्याचं की बरगडीचं, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

हसण्यासारखं एवढंच. बाकी दुखणं खरं होतं, आणि नेमकं घेऊ नये तेच त्यानं घेतलं होतं. रोज सकाळी गळ्यातल्या चांदीच्या डबीतून इष्टलिंग काढायचं, डाव्या तळहातावर घ्यायचं, हात डोळ्यांसमोर उचलून धरायचा आणि बघत बसायचं, ही पूजा त्या देवणीला माहेरी, परकरी वयात शिकल्या होत्या. आता तळहात मांडीच्या वर येईना. मग कोपराला उजव्या हाताचा टेकू, त्याखाली उशी, उशीखाली पाट असा डोलारा रचून त्या बसायच्या आणि देवाकडे बघायचं सोडून उशी घसरते का ते बघायच्या.

"उजव्या हातावर घे की," त्यांचे यजमान गुंडप्पा म्हणाले. धान्याचं दुकान मुलाच्या हाती दिल्यापासून सल्ले द्यायला त्यांना भरपूर फुरसत होती.

"घेते. तुम्ही उद्यापासून डाव्या हातानं जेवा."

तेल झालं, शेक झाला, पट्टा झाला, गोळ्या झाल्या. शेवटी लेकीची लेक वर्षाराणी, जी नांदेडला फिजिओथेरपिस्ट होती, तिनं फोनवर दटावलं, "आज्जी, तू उद्याच्या उद्या ये." शिवगंगाबाई गुंडप्पांना घेऊन लातूरहून निघाल्या. एसटीत खोकं मांडीवर घेऊन बसल्या आणि अहमदपूर येईपर्यंत शेजारच्या बाईला सगळे एक्स-रे दाखवून झाले.

वर्षाराणीनं एक्स-रे उजेडाला धरले. "आज्जी, तुझ्या वयाच्या कुठल्याही बाईचा खांदा असाच दिसतो."

शिवगंगाबाईंना हा सरळ सरळ अपमान वाटला. एवढ्या लांबून खोकं वाहून आणलं ते हे ऐकायला?

"आणि हा तर फारच झिजलाय." नातीनं दुसरा एक्स-रे उचलला. "हा कुणाचा?"

तो गुंडप्पांचा निघाला. मागं ते दुकानाच्या पायरीवर घसरले होते, तेव्हाचा.

"मग ह्यांचं कसं दुखत न्हाई?"

गुंडप्पांनी दोन्ही हात डोक्यावर नेऊन दाखवले. "मला ठाऊकच नव्हतं झिजलंय म्हणून."

नातीनं आज्जीचा हात हळूहळू फिरवला. "सांधा जाम नाही. हात वर जायला पाहिजे."

"म्हणजे मी ढोंग करायलेय?"

"न्हाई गं. दुखतंय ते खरंच दुखतंय. पण दुखणं काही नुसतं हाडातून येत नाही. गल्लीत चोरी झाली की गुरखा कसा पुढं कित्येक दिवस पान हललं तरी शिट्टी फुंकतो? तशा तुझ्या नसा झाल्यात. काळजी असली, झोप नसली, की अंग आवळून धरतं आणि शिट्टी आणखी जोरात वाजते. बरं, झोप कशी लागते तुला?"

"छान लागते," शिवगंगाबाई म्हणाल्या. गुंडप्पा छताकडे बघायला लागले.

झोपेची गोष्ट जुनी होती. किल्लारीचा भूकंप झाला त्या पहाटे सगळं लातूर ओरडत रस्त्यावर आलं होतं. शिवगंगाबाई मात्र गाढ झोपेत होत्या. गुंडप्पांनी गदागदा हलवलं तेव्हा त्यांनी विचारलं होतं, "दूधवाला आला का?" पोरं तोवर शेजाऱ्यांनी बाहेर नेली होती. हा विनोद गुंडप्पा आजतागायत लग्नकार्यात सांगत आले होते, आणि त्या सगळ्यांच्या आधी हसत आल्या होत्या. पण त्यानंतर लातुरात घरोघरी जी युक्ती निघाली, ती त्यांनी धरली ती धरलीच. फुलपात्र उपडं ठेवायचं, त्यावर तांब्या. जमीन हलली की तांब्या पडणार, आवाज होणार. पुढं लोकांनी पत्र्याच्या शेडमधून घरात मुक्काम हलवले, तांबे फडताळात गेले. शिवगंगाबाईंचा तांब्या राहिला. कान तांब्याकडे, खांदा कानाकडे, अशी त्यांची झोप. मध्यंतरी हिंगोलीकडं जमीन हलली आणि नांदेडला भांडी वाजली, तेव्हापासून तर त्यांना नातीचं तिसऱ्या मजल्यावरचं घर डोळ्यांपुढं दिसायचं. खांदा धरला तोही त्याच सुमारास. पण या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून बघायचं त्यांना कधी सुचलं नव्हतं. त्यांना झिजलेलं हाड पसंत होतं. हाड चारचौघांत दाखवता येतं.

नांदेडलाही त्यांनी गुपचूप खाटेशी तांब्या मांडलाच.

सकाळी वर्षाराणी चहा ठेवायला निघाली आणि तिचा पाय लागला. तांब्या फरशीवर पडून दारापर्यंत गडगडत गेला.

पुढचं शिवगंगाबाईंना नीट आठवत नव्हतं, इतरांनी मात्र चवीनं सांगितलं. त्या ताडकन उठल्या, डाव्या हातानं नातीचा दंड धरला, तिला फरफटत दाराच्या चौकटीत नेलं आणि तोच हात वर करून तिच्या डोक्यावर आडवा धरला. पडणारं छत जणू त्या एका तळहातावर झेलणार होत्या.

छत काही पडलं नाही. गुंडप्पा पांघरुणातून म्हणाले, "दूधवाला आला का?"

"आज्जी," नात हळूच म्हणाली, "हात बघ तुझा."

शिवगंगाबाईंनी वर बघितलं. हात होता, त्यांचाच होता, डोक्याच्याही वर होता. दिसल्याबरोबर तो भयंकर दुखायला लागला. त्या मटकन खाली बसल्या आणि पदरात तोंड लपवून रडायला लागल्या.

"आता सगळे म्हणतील, म्हातारी नाटकी हाय. एवढ्या लोकांना फोटो दाखवले मी!"

"कुणी म्हणू दे. मी न्हाई म्हणणार." वर्षाराणी शेजारी फरशीवरच बसली. "जिवावर बेतलं की अंग दुखणं बाजूला ठेवतं, आधी माणूस वाचवतं. तेच अंग वर्षानुवर्षं रोज पहारा द्यायला लागलं की दुखणं वाढवतं. दोन्ही खरंच. तुझा हात मोडलेला न्हाई, आज्जी. तो ड्यूटीवरून उतरलेला न्हाई."

"मग उतरवू कसा?"

"हळूहळू. रोज थोडा वर न्यायचा, दुखलं तरी घाबरायचं न्हाई. सकाळी फिरायला जायचं. लांब श्वास सोडायचा. आणि तांब्या फडताळात."

पहिल्या तिन्ही गोष्टी शिवगंगाबाईंनी लगेच कबूल केल्या. तांब्यावर मात्र लातूरला येईपर्यंत घासाघीस चालली. शेवटी त्यांनीच तोड काढली. तांब्या राहील, पण गुंडप्पांच्या बाजूला.

"आजपासून भूकंप तुमच्याकडं."

"हाव, घेतला समज," म्हणत गुंडप्पा कुशीवर वळले आणि घोरायला लागले. तांब्या काय, आख्खं दुकान कोसळलं असतं तरी ते उठले नसते. पहाऱ्यावर कुणीच नाही, हे शिवगंगाबाईंना ढळढळीत दिसत होतं. तरी त्या झोपल्या. आधी वाईट, मग जरा बरी, अशी झोप येत गेली. खांदा काही रातोरात शहाणा झाला नाही. दोन पावलं पुढं जाऊन तीन मागंही आला. गल्लीत विचारणारे विचारतच होते, पण खोकं माळ्यावर गेल्यामुळं आता गप्पा लवकर संपायच्या आणि शिवगंगाबाईंना थोडं चुकल्यासारखं व्हायचं.

मग एके सकाळी त्या पाट आणि उशी न घेताच पूजेला बसल्या. इष्टलिंग डाव्या तळहातावर घेतलं. लांब श्वास सोडला आणि हात उचलला. मांडीवरून पोटापर्यंत आला, पोटावरून छातीपर्यंत. तिथं खांद्यानं शिट्टी फुंकली. त्यांनी हात खाली आणला नाही, वर रेटलाही नाही.

डोळ्यांपर्यंत अजून वीतभर अंतर होतं. तेवढी मान त्यांनीच खाली घातली आणि बघत बसल्या.