देवधानाचं मडकं

जीप साकोलीच्या वाटेला लागली, धूळ खाली बसली, पण जमुनाबाईचा तोरा काही खाली बसेना. नागपूरचे आनंदराव साहेब आणि त्यांच्या सोबतची गोरी बाई तिच्या ओसरीवर बसून गेले होते. जाताना तिच्याकडचं देवधान घेऊन गेले होते.

देवधान म्हणजे तळ्यात आपोआप उगवणारं रानचं धान. कोणी पेरत नाही, कोणी नांगरत नाही. पिकलं की पाण्यात गळून जातं, म्हणून मासेमारी करणाऱ्या ढिवरांच्या बाया डोंग्यातून जाऊन हिरव्या लोंब्यांच्याच जुड्या बांधून ठेवतात. ऋषिपंचमीच्या उपासाला बैलाच्या कष्टाचं चालत नाही, तेव्हा याच धानाला मान. यंदा पाऊस रुसला, तळं आटलं, आणि टेकचंद पाटलानं तीळ पेरायला तळ्याच्या पोटात नांगर घातला. आता देवधान काय ते जमुनाबाईच्या घरात, गेल्या सालचं.

"कोरड्या मुलखातलं रानचं बीज आम्ही दोन देश मिळून जपतो," आनंदराव म्हणाले होते. "थंड खोलीत ठेवलं की वर्षानुवर्षं जिवंत राहतं."

"आमच्या गवताले विलायतेत खोली! अन् मले इथं नाई, बहूनं अडवून ठेवली," असं म्हणून जमुनाबाईनं पायली भरून दिली होती.

बहू बेबी सूप आपटत म्हणाली, "आत्याबाई, ते तं उकडून वाळवलेलं धान होतं."

"मंग? पाहुण्याले का कच्चं देऊ?"

"खायले नाई नेलं त्याईनं. बीज म्हणून नेलं. उकडलेलं उगवते काय?"

जमुनाबाईच्या हातातला तंबाखू हातातच राहिला. शेतातल्या धानाचं बीज ती दरसाल वेगळं काढायची. पण देवधान कोण पेरतं? त्याचंही बीज असतं, हे तिच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. कच्चं होतं ते फक्त देवापुढच्या मडक्यात. पंचमीचं.

ती उठली, बसली, पुन्हा उठली. मडकं पदराखाली घेऊन सडकेवर आली.

"एसटी तं गेली, आत्याबाई!"

"मले दिसते! डोळे उकडले नाई माहे!"

बांबूच्या ट्रकात जागा मिळाली. ड्रायव्हर चहाला थांबला तर तिनं त्याच्या सात पिढ्या काढल्या. साहेब साकोलीहून निघून गेले तर? मेलेलं बीज थंड खोलीत राजासारखं पडून राहील, कोणाला कळणारही नाही. आणि इकडे नांगर फिरलेला.

साकोलीच्या डाकबंगल्यापुढे जीप सुरूच होती. ती आडवी उभी राहिली.

"काय झालं, बाई?" आनंदराव उतरले.

चुकलं म्हणायला तिची जीभ वळेना. "ते खायले देल्लं होतं," ती म्हणाली. "पेरायचं हे हाये. ते उकडलेलं हाये, शिजवून खा."

आनंदरावांनी गोऱ्या बाईला समजावलं. ती मोठ्यानं हसली, मग तिनं मडक्यातलं अर्धंच धान पिशवीत ओतून घेतलं. उरलेलं अर्धं जमुनाबाईला परत देऊ लागली.

"नाई नाई, सारं ने. पण तिले विचारा, तळं भरलं अन् मी मागतलं, तं बाई वापस देईन काय?"

"देईल. अर्धं आपल्याकडे राहील, अर्धं तिकडे. मी स्वतः आणून देईन."

"लेकराची आन घ्या."

आनंदरावांनी घेतली.

पंचमीला बेबीनं भाताऐवजी परसातल्या कोचईच्या, म्हणजे अळूच्या पानांची भाजी वाढली. "देवाचं धान गोऱ्या बाईले देल्लं. देव काय म्हणन?"

"देवाले म्हणावं, टेकचंदले इचार." जमुनाबाईनं दोन घास खाल्ले आणि हात धुतला.

मग काठी घेऊन ती पाळीवर, तळ्याच्या बांधावर गेली. तळ्यात नांगराच्या रेघा कोरड्या ठणठणीत. कडेचा एक कोपरा बैलांना वळता न आल्यानं सुटला होता. गळून पडलेलं देवधान तिथं मातीत तसंच असणार. ती तिथं उतरली, काठ्या रोवल्या आणि कुंपणाला बाभळीच्या काटेरी फांद्या ओढत आणू लागली.